काही नेम नाही

गडी बाद झाला आणि माझ्या तोंडून ‘अरेरे’ निघून गेलं.

आई सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला मांडीवर कापूस घेऊन वाती वळत बसली होती. १५ ऑगस्ट २०१४, शुक्रवार. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. सामना डेन्वरला होता आणि तिथलं घड्याळ आमच्या सिनसिनाटीच्या दोन तास मागं, त्यामुळे रेड्सचे, म्हणजे आमच्या बेसबॉल संघाचे, तिकडचे सामने बघायचे म्हणजे जागरण ठरलेलं. आईला तीन महिन्यांत इथली झोप काही लागली नव्हती, म्हणून तीही जागी. वातीवरची नजर न काढता तिनं विचारलं, “बाद झाला ना तो?” म्हटलं, हो. “आपलाच ना रे बॉलर?” हो. “मग तू का हळहळलास?” मी म्हणालो, “तुला नाही कळायचं ते, झोप आता.” ती काही बोलली नाही. वळलेली वात डब्यात टाकली, पुढची घेतली. त्या उत्तराला आता बरीच वर्षं झाली. जळगावच्या घरात मी लहानपणी असं बोललो असतो तर वडिलांनी कान धरला असता, एवढ्यापुरतंच ते बोचत नाही. तिनं प्रश्न अगदी बरोबर विचारला होता आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं, हे खरं दुखणं.

कारण सांगायला सोपं होतं. आरोल्डिस चॅपमन हा आमचा क्लोजर, म्हणजे सामना हातात असताना शेवटच्या डावात येऊन दार लावून घेणारा पिचर. २१ ऑगस्ट २०१३ पासून तो जेव्हा जेव्हा मैदानात उतरला, तेव्हा तेव्हा त्यानं किमान एक गडी स्ट्राइकआउट केला होता. सलग एकोणपन्नास वेळा. बेसबॉलमध्ये गडी बाद करायच्या पुष्कळ रीती आहेत. झेल जातो, चेंडू घरंगळत क्षेत्ररक्षकाकडे जातो आणि तो फलंदाजाच्या आधी पहिल्या बेसवर पोचवतो. पण स्ट्राइकआउट म्हणजे फलंदाजाला तीनदा चुकवायचं, मामला पिचर आणि कॅचरमध्येच मिटवायचा, बाकी सात जणांनी नुसतं बघायचं. आपल्याकडे दांडी उडाल्यावर जसं बरं वाटतं, झेल घेतल्यावर वाटत नाही, त्यातलाच प्रकार. डेन्वरला त्या रात्री त्याच्या प्रत्येक चेंडूचं काही ना काही झालं, पण तिसऱ्या स्ट्राइकवर कुणी फसलं नाही. शेवटचा गडी क्षेत्ररक्षकानं बाद केला आणि एकोणपन्नासावर खंड पडला. पन्नास झाले नाहीत.

संघाचं त्यात काही बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं ते माझ्या फ्रिजवरच्या कागदाचं. मोजायची खोड मला फार आधीपासून. चौथीत रिकाम्या आगपेट्या, सातवीत बसच्या तिकिटांवरचे आकडे, नंतर गाडीनं किती लिटरला किती दिलं. बावन्न साली बाबांनी पहिला फाऊंटन पेन घेतला, त्यानं किती वह्या लिहिल्या हे मी त्यांच्याकडून वदवून घेतलं होतं. चॅपमनचा हिशेब मी जूनमध्ये सुरू केला. मागचे सामने शोधून भरून काढले, मग प्रत्येक सामन्यानंतर एक उभी रेघ, चार झाल्या की पाचवी आडवी. तो कागद रेड्सच्या वेळापत्रकाच्या लोहचुंबकाखाली अडकवलेला असायचा. ११ जुलैला चाळिसावी रेघ पडली आणि जुना विक्रम मोडला, तेव्हा मी मुलीला उचलून घेतलं, तिनं ती रेघ लाल स्केचपेननं ओढली. ती सहा वर्षांची होती. तिला वाटलं, माझा वाढदिवस आहे.

आईला आम्ही एकदा स्टेडियममध्ये नेलं होतं. ओहायो नदीच्या काठावर अगदी पाण्याला चिकटून ते आहे. वरच्या मजल्यावर बसलं की नदीतून कोळशाचे तराफे ढकलत नेणाऱ्या बोटी दिसतात, पलीकडे केंटकी. आई पहिले दोन डाव त्या बोटीच बघत होती. पायाखाली शेंगदाण्यांची टरफलं पसरलेली, ती तिला जत्रेसारखी वाटली, आणि तिनं तिची सगळी टरफलं कागदाच्या पिशवीत भरून बाहेरच्या डब्यात नेऊन टाकली. शाळेत तिच्या विद्यार्थिनी सॉफ्टबॉल खेळायच्या, म्हणून स्ट्राइक, बॉल, होम हे शब्द तिला नवे नव्हते. नवी होती ती आग. मैदानाच्या एका कोपऱ्यात जुन्या आगबोटीसारखी दोन उंच धुराडी उभी केलीत. आपल्या पिचरनं स्ट्राइकआउट काढला की त्यांच्या तोंडातून भस्सकन ज्वाळा निघतात आणि वरच्या मजल्यावरसुद्धा गालाला धग लागते. पहिल्या वेळी आई दचकली. तिसऱ्या वेळी तिनं पदर सावरला आणि म्हणाली, “एवढ्याशा गोष्टीला होळी?”

चॅपमन नवव्या डावात आला. त्याआधी अडीच तास तो कुंपणामागच्या बुलपेनमध्ये नुसता बसून होता. तिथं भिंतीवर एक साधा दूरध्वनी असतो, मैदानातून व्यवस्थापक फोन लावतो, तो खणखणला की कुणीतरी उठून हात मोकळा करायला लागतं. आईला ती गोष्ट फार आवडली. अडीच तास बसायचं, मग फोन, मग दहा-पंधरा चेंडू, आणि घरी. “सुईणीसारखं काम आहे,” असं ती म्हणाली होती. त्यावर मी हसलो होतो. आज वाटतं, रिलीफ पिचरविषयी, म्हणजे अशा मागून येणाऱ्या पिचरविषयी, इतकं नेमकं वाक्य मी नंतर कुठेही वाचलेलं नाही.

तो चेंडू टाकतो कसा, हे टीव्हीवर नीट कळत नाही. सहा फूट चार इंचाचा डावखुरा माणूस उजवा गुडघा छातीपर्यंत उचलतो, क्षणभर करकोच्यासारखा थांबतो आणि मग सगळं अंग एकाच वेळी पुढे फेकतो. साडेसाठ फुटांवर फलंदाज. क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा अंतर थोडं कमी, टप्पा नाही, आणि चेंडू ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. २०१० मध्ये सॅन डिएगोत त्याचा एक चेंडू १०५.१ मैलांचा मोजला गेला, म्हणजे १६९ किलोमीटर. शोएब अख्तरच्या १६१.३ वर आपण पोरंसोरं किती बोललोय, ते आठवून बघा. मैदानात आधी कॅचरच्या हातमोज्यातला आवाज येतो, कोरडी फळी मोडल्यासारखा, आणि मग प्रेक्षकांचा ‘ओह्’ येतो. फलंदाज त्या दोन्हींच्या मधे कुठंतरी बॅट फिरवून मोकळा झालेला असतो.

या माणसाचा काही नेम नाही, असं मी तेव्हा बायकोला म्हणायचो, आणि ते खरंही होतं. एका डावात तीन फलंदाज उभे कापायचा, दुसऱ्या दिवशी दोघांना चेंडू बाहेर टाकून टाकून फुकट पहिल्या बेसवर पाठवायचा. नेम हा आपला शब्द गमतीचा आहे. निशाणा साधायचा तोही नेम. चातुर्मासात आजी धरायची तोही नेम. आणि ज्याच्याबद्दल काहीच सांगता येत नाही, त्याचाही काही नेम नाही. चॅपमनच्या त्या वर्षात तिन्ही एकत्र आले होते. चेंडू कुठं जाईल याचा नेम नसलेला माणूस एकोणपन्नास सामने एक नेम पाळत होता.

पण पाळत होता का? इथंच माझं अडतं. आजीनं लाखोली धरली की ती तिनं स्वतः धरलेली असायची. श्रावणात महादेवाला एक लाख बेल. रोज सकाळी परडीतली पानं ती शंभराच्या ढिगांनी मोजायची, आणि प्रत्येक ढिगामागे एक जोंधळ्याचा दाणा वाटीत टाकायची. मधेच कुणी हाक मारली आणि मोजणी चुकली, तर ती सत्तर की ऐंशी असा घोळ न घालता सरळ साठ धरून पुढे जायची. “देवाला कमी नको जायला,” म्हणायची. म्हणजे तिचा लाख कधीच लाख नसायचा, लाखाच्या वर काहीतरी असायचा आणि किती ते तिला माहीत नव्हतं. चॅपमनचा आकडा मात्र आम्ही ठेवत होतो. मी, वर्तमानपत्रं, आकडेवारीच्या पुस्तकांत डोकं घालणारी मंडळी. फोन वाजला की तो यायचा तो सामना राखायला. तीन गडी घ्यायचे, कसेही. त्यात स्ट्राइकआउट पडायचे कारण त्याचा चेंडू तसा होता. त्याच्या कामात पडलेली भूसकट आम्ही गोळा केली आणि तिला लाखोली म्हणालो. मग ज्या रात्री त्याचं काम नेहमीसारखं झालं पण भूसकट पडली नाही, त्या रात्री ओहायोतल्या एका सोफ्यावर कुणीतरी ‘अरेरे’ म्हणालं.

शिवाय या मोजणीला तिची स्वतःची सोवळीओवळी होती, तीही मला आवडायची. १९ मार्च २०१४ ला ॲरिझोनात सरावाच्या सामन्यात साल्वादोर पेरेझनं मारलेला चेंडू सरळ चॅपमनच्या चेहऱ्यावर बसला. डाव्या डोळ्यावरचं हाड मोडलं, नाक मोडलं. तो जमिनीवर पाय झाडत होता आणि त्याचे वडील कुंपण ओलांडून मैदानात आले, ते चित्र मी एकदाच पाहिलं, पुन्हा लावलं नाही. सामना तिथंच थांबवला. कपाळात धातूची पट्टी बसवली. ११ मेला तो परत आला तेव्हा समोर डेन्वरचाच, म्हणजे कोलोरॅडोचा, संघ होता आणि इथं मातृदिन होता. आल्या आल्या त्यानं शंभर मैलांनी टाकायला सुरुवात केली. माझ्या कागदावर मात्र सप्टेंबरच्या रेघेनंतर मेची रेघ, मधे काहीच नाही. न खेळलेले दिवस धरत नाहीत. आईला हे सांगितलं असतं तर तिनं लगेच मान डोलावली असती. सुतक आलं, सोयर आलं, तर नेम मोडत नाही, पुढे सरकतो. तुम्ही पाटावर बसलात आणि केलं नाहीत, तरच मोडतो.

ज्याचा विक्रम मोडला तो ब्रूस सटर. १९७७ साली शिकागो कब्जकडून खेळताना त्यानं सलग ३९ सामन्यांत हे केलं होतं, आणि सदतीस वर्षं ते कुणाला जमलं नव्हतं. माझा जीव खरं म्हणजे सटरवर जास्त. चॅपमनला देवानं हात दिला. सटरचा हात कोपरात गेला होता. पदरचे पैसे घालून त्यानं शस्त्रक्रिया करून घेतली, संघाला कळू न देता. परत आला तर चेंडूत वेग उरला नव्हता. मग फ्रेड मार्टिन नावाच्या प्रशिक्षकानं त्याला चेंडू दोन बोटांच्या फटीत रुतवून टाकायला शिकवलं. तो चेंडू साधा सरळ येतो, फलंदाज हात सोडतो, आणि अगदी शेवटच्या क्षणी पायरी चुकल्यासारखा खाली बसतो. त्या एका चेंडूवर तो २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, कधीही सामन्याची सुरुवात न केलेला पहिला पिचर म्हणून. आणि हिशेबी माणूस म्हणून एक कबूल करायला हवं. १९७७ मध्ये सटर ६२ सामन्यांत १०७ डाव टाकून गेला, चॅपमन २०१४ मध्ये ५४ सामन्यांत बरोबर ५४. सटरला दर खेपेला एखादा गडी फसवायला जवळजवळ दुप्पट वेळ मिळत होता. त्या ५४ डावांत चॅपमननं १०६ स्ट्राइकआउट काढले, म्हणजे समोर आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक बॅट खांद्यावर टाकून परत गेले. तरी वेगाचं मला अप्रूप वाटतं, प्रेम वाटतं ते बोटांच्या फटीचं. सटर २०२२ मध्ये गेला.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती गाळून हे लिहिणं बरोबर नाही.

२०१५ च्या शेवटी चॅपमनवर त्याच्या जोडीदाराला मारहाण केल्याचा आणि घराच्या गॅरेजमध्ये पिस्तूल झाडल्याचा आरोप झाला. खटला उभा राहिला नाही. पण लीगनं नव्या नियमाखाली त्याच्यावर ३० सामन्यांची बंदी घातली, त्या नियमानं शिक्षा झालेला तो पहिला खेळाडू. तोवर रेड्सनी त्याला न्यूयॉर्कला देऊन टाकलं होतं. बातमी वाचली त्या दिवशी मी फ्रिजवरचा कागद शोधला. तो कधीच टाकलेला नव्हता, स्वयंपाकघराच्या खणात विजेच्या बिलांखाली होता, एकोणपन्नास रेघा, त्यातली एक लाल. फाडावासा वाटला आणि फाडवेनाही. एकवीस वर्षांचा पोरगा रॉटरडॅमच्या हॉटेलातून चालत बाहेर पडतो, उभ्या असलेल्या मोटारीत बसतो, क्युबा आणि आईबाप आणि नुकतीच जन्मलेली मुलगी मागं टाकतो, ही गोष्ट मी मुलीला किती रंगवून सांगितली होती. आता ती मोठी होत होती आणि ही दुसरी गोष्ट तिला कुठून तरी कळणारच होती. रेघा ओढताना मी माणूस मोजत नव्हतो, हे मला माहीत आहे. पण ज्वाळा निघायच्या तेव्हा टाळ्या तर माणसालाच वाजवत होतो. नंतर २०१६ मध्ये, चॅपमन कब्जकडे आल्यावर, त्यांनी विश्वविजेतेपद जिंकलं, पण अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात चॅपमनच्या चेंडूवर समोरच्या संघाच्या राजाय डेव्हिसनं बरोबरीचा षटकार, म्हणजे होमरन, मारला, तेव्हा मला आतून बरं वाटलं आणि लगेच त्या बरं वाटण्याची लाज वाटली. कागद अजून खणात आहे. बिलं तेवढी टाकून दिली.

तर तो शुक्रवार. श्रावणातला तिसरा. सकाळी आईनं जिवतीची पूजा केली होती. जिवतीचा छापील कागद तिनं जळगावहून साड्यांच्या घडीत सपाट ठेवून आणला होता, वर नरसिंह, कालियावरचा कृष्ण, मधे मांडीवर पोरं घेतलेल्या जिवत्या, खाली हत्तीवरचा आणि वाघावरचा बुध-बृहस्पती. आमच्या भाड्याच्या घरात भिंतीला काही चिकटवायचं नाही असा करार होता, म्हणून तो कागदही फ्रिजवर, त्याच रेड्सच्या चुंबकाखाली. एका बाजूला माझ्या रेघा, एका बाजूला तिच्या जिवत्या. आघाडा इथं कुठला मिळणार, तिनं मागच्या अंगणातलं गवत घेऊन त्यात कापसाचं वस्त्र गुंफलं. चण्याची डाळ इंडियन स्टोअरची, पुरणयंत्र नाही, मिक्सरमधून काढलेलं पुरण जरा सैलच झालं आणि आरतीसाठी केलेले पुरणाचे दिवे तबकात पसरायला लागले. तिनं घाईघाईनं आम्हा तिघांना ओवाळलं. मग पुण्यातल्या बहिणीसाठी अक्षता टाकायच्या म्हणून मला विचारलं, “पुणं कुठल्या बाजूला येतं रे इथून?” मी फोनवर नकाशा काढून दाखवला. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तर उत्तरेकडे, असं काहीतरी निघालं. ते तिला पटलं नाही. तिनं चारही दिशांना टाकल्या. शेवया भाजायच्या खोलगट तव्यात दुसऱ्या दिवशीसुद्धा तांदूळ सापडत होते.

माझ्या जन्मापासून तिनं हे किती शुक्रवार केलं असेल, असा हिशेब त्या रात्री टीव्ही बंद केल्यावर मी मनात मांडला. श्रावणात चार किंवा पाच शुक्रवार, गुणिले वर्षं. दीडशेच्या पुढे गेलो. आणि मग लक्षात आलं, की यात कधी खंड पडला होता का, हे मला ठाऊक नाही. विचारलं. ती म्हणाली, “पडला असेल की. तुला टायफॉइड झाला तेव्हा पंधरा दिवस दवाखान्यातच होते.” ज्याच्यासाठी पूजा त्याच्याच उशाशी बसल्यामुळे राहून गेलेली ती पूजा. कितवा शुक्रवार, कुठलं साल, तिला सांगता येईना, आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. वातींचा डबा मिटून ती उठली. जाताना दिव्याचं बटण दाबता दाबता म्हणाली, “तुझ्या त्या मुलानं उद्या परत टाकायचं असेल ना?” मी म्हटलं, असेल.

२०२५ मध्ये १५ ऑगस्ट पुन्हा शुक्रवारी आला, आणि पुन्हा श्रावणात. चॅपमन सदतीस वर्षांचा, आता बॉस्टनकडून टाकतो, अजून तोच गुडघा छातीशी. मी आईला फोन केला. तिला आता ऐकू कमी येतं, तेव्हा मोठ्यानं बोलावं लागतं. म्हटलं, आई, आठवतो का तो डावखुरा, सिनसिनाटीचा, त्याचा विक्रम संपला त्या रात्री तू वाती वळत होतीस आणि मी तुला तिरसटासारखं उत्तर दिलं होतं?

“कोण रे?” ती म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. आग निघायची ते स्टेडियम, नदी, फोन वाजला की येणारा तो उंच मुलगा. बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत होता.

“तो नाही बाई आठवत,” ती म्हणाली. “पण त्या शुक्रवारी पुरण सैल झालं होतं. तुझ्याकडची डाळच जुनी होती.”